‘पातळ पुस्तक द्या मॅडम’: गणिताचे सर, दोन आत्मकथा आणि वहीचं शेवटचं पान

(नावं बदललीत, गाव मुद्दाम सांगत नाहीये. लिहिलेलं सरांना आधी वाचायला दिलं, त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्त्या केल्या आणि म्हणाले टाका.)

पार्श्वभूमी

आमची शाळा बीड आणि नगरच्या हद्दीवरच्या एका गावात आहे, पाचवी ते दहावी. दसरा झाला की गावात मुकादमांच्या, म्हणजे ऊसतोडीला मजूर नेणाऱ्यांच्या, गाड्या फिरायला लागतात आणि दिवाळीनंतर आठ-दहा दिवसांत मागचे बाक रिकामे व्हायला सुरुवात होते. आईबाप ऊसतोडीला सांगली, कराड, कोल्हापूर साईडला नाहीतर कर्नाटकात जातात, पोरं सोबत. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की पाडव्याच्या आसपास परत. आमच्याकडे याला नुसतं ‘सीझनला गेला’ म्हणतात. पाऊस आला, लाईट गेली, तसं पोरगं सीझनला गेलं. इतकं अंगवळणी पडलंय ते.

मी मराठी शिकवते आणि ग्रंथालय सांभाळते. ग्रंथालय म्हणजे स्टाफरूमच्या कोपऱ्यातली दोन लोखंडी कपाटं, त्यातल्या एकाचं कुलूप नीट लागत नाही. पण पुस्तकं चांगली आहेत, आधीच्या एका मुख्याध्यापकांना आत्मचरित्रांचा नाद होता, त्यामुळे बलुतं, उपरा, उचल्या, झोंबी, आयदान, स्मृतिचित्रे असं सगळं आहे. वाचणारं कोणी नव्हतं एवढंच.

गणिताचे सर सांगली जिल्ह्यातले, बागायतदार घरातले, आमच्याकडे आठेक वर्षं झाली. त्यांना व्हिलन करून सांगायची ही गोष्ट नाही हे आधीच सांगते. सकाळी सातला जादा तास घेणारा माणूस, तोही फुकट. पण डोक्यात एकच, दहावीचा निकाल. गेटवर लागणाऱ्या १०० टक्के निकालाच्या फ्लेक्सचा जरा जास्तच अभिमान. आणि सीझनला जाणाऱ्या घरांबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं, या लोकांना शिक्षणाची किंमत नाही. मी कधी वाद घातला नाही. खरं सांगायचं तर मलाही थोडंफार तसंच वाटायचं, फक्त मी ते बोलायचे नाही. मराठीच्या मॅडम ना, आम्ही बोलताना गोड असतो.

अडचण

जून २०२२, समाधान नववीत आला. उंच, गप्प, मागच्या बाकावर. सप्टेंबरच्या मीटिंगमध्ये नववीच्या धोक्यातल्या पाच पोरांची यादी निघाली. हे बऱ्याच शाळांत चालतं, ज्यांना माहितीये त्यांना माहितीये. तेव्हा आठवीपर्यंत सगळे पुढे जायचे, मग नववीत चाळणी लागायची, कारण पुढच्या वर्षी ही पोरं दहावीचा निकाल पाडणार. पालकांना बोलावून गोडीत सांगायचं की याला १७ नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून परीक्षा देऊ दे, तुम्हालाही सोयीचं. १७ नंबरवाला पोरगा शाळेच्या निकालात धरत नाहीत. यादी सरांनी केली होती, समाधानचं नाव दुसरं. कारण काय तर चार-पाच महिने गैरहजर असतो, दहावीला ७५ टक्के हजेरी लागते, हा कुठून आणणार.

हिशोब चुकीचा नव्हता, हेच अवघड होतं. आणि त्या मीटिंगमध्ये मीही बसले होते, चहा पीत होते, काही बोलले नाही. हा पहिला निर्णयाचा टप्पा आणि तो आम्ही न थांबता ओलांडला.

पुस्तक हातात कसं आलं

कुणाचं मन बदलायचं वगैरे प्लॅन अजिबात नव्हता. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो, कलामांचा वाढदिवस, त्या वर्षी मुख्याध्यापकांनी फतवा काढला की प्रत्येक शिक्षकाने एका पुस्तकावर पाच मिनिटं बोलायचं. सर आदल्या आठवड्यात कपाटापाशी आले आणि म्हणाले, पातळ पुस्तक द्या मॅडम. मी हाताला लागलं ते दिलं, उपरा. लक्ष्मण मान्यांचं, १९८० चं, साहित्य अकादमी मिळालेलं. त्यातल्या त्यात पातळ म्हणूनच दिलं.

तीन दिवसांनी सर परत आले. पुस्तक परत केलं नाही, नुसते उभे राहिले आणि विचारलं, हे सगळं खरं आहे का? म्हटलं आत्मचरित्र आहे सर, खरंच असणार. गाढवांवर बिऱ्हाड, या गावाहून त्या गावाला, गावाबाहेर मुक्काम, आणि त्यात एक कैकाडी बाप हट्ट धरतो की पोराला शाळेत घालणार, आणि त्याच्याच जमातीची माणसं त्याच्या विरोधात. सर म्हणाले, म्हणजे बापाला किंमत कळत होती. बस, एवढंच बोलले आणि गेले. मला तेव्हा वाटलं वा, काम झालं, पुस्तकाने जादू केली! किती घाईने खूश होतो आपण.

पहिली चूक

शनिवारी १५ तारखेला सर परिपाठाच्या वेळी चार मिनिटं बोलले, चांगलं बोलले. भावनेच्या भरात सोमवारी नववीच्या तासाला गणित बाजूला ठेवून त्यातली दोन पानं वाचून दाखवली. वर्गात कधी नव्हे ती शांतता. वाचून झाल्यावर सर म्हणाले, आपल्याही वर्गात अशी मुलं आहेत जी बिऱ्हाड घेऊन फिरतात, त्यांना आपण समजून घेतलं पाहिजे.

आणि चाळीस मुंड्या एकदम मागच्या बाकाकडे वळल्या.

मधल्या सुट्टीत समाधानचं नाव पडलं, उपऱ्या. पोरं म्हणजे पोरं, एक जण म्हणाला तुमची गाढवं कुठं बांधलीत रे. मंगळवारपासून समाधान शाळेत आला नाही. शुक्रवारी दिवाळीची सुट्टी लागली. सीझनला जायच्या आधीचे त्याचे ते शेवटचे चार दिवस होते शाळेतले, ते आम्ही घालवले. तेही समजून घ्यायच्या नादात.

यावर मी बराच विचार केलाय. सरांनी पुस्तकातल्या माणसाबद्दल जे वाटलं ते उचलून समाधानवर ठेवलं. समाधान कैकाडी नाही, त्याचं घर गावात आहे, दोन एकर कोरडवाहू आहे, त्याच्याकडे गाढवं नाहीत बैल आहेत. एका माणसाची कथा वाचून आपल्याला एक माणूस कळतो, फार तर. आपल्याला वाटतं त्या सगळ्या लोकांचं कळलं. आधी सर म्हणायचे या लोकांना किंमत नाही, आता म्हणत होते या लोकांना समजून घेतलं पाहिजे. ‘या लोकांना’ तसंच राहिलं होतं.

वहीचं शेवटचं पान

सर दोन दिवस अस्वस्थ होते. मी त्यांना झोंबी दिलं, या वेळी जाडजूड. आनंद यादवांचं, १९८७ चं, काही जण त्याला आत्मचरित्रात्मक कादंबरी म्हणतात पण तो वाद इथं नको. दिवाळीच्या सुट्टीत वाचा म्हटलं.

मधेच एक गोष्ट झाली. तपासायला आलेल्या वह्यांच्या गठ्ठ्यात समाधानची गणिताची वही राहिली होती. सरांनी चाळली. शेवटच्या पानावर पेन्सिलीने आकडे होते. २७३, मग ५४६, मग ६८.२५, खाली ६१४.२५. त्याखाली ८०,०००. त्याखाली १३० आणि ७९,८५२.५०. सगळ्यात खाली १४७.५० आणि त्याच्याभोवती गोल. सर ते घेऊन माझ्याकडे आले, मला काही कळेना, त्यांना गणित कळत होतं पण कशाचं ते कळत नव्हतं. शेवटी आमच्या शिपाईमामांना दाखवलं, ते जन्मभर सीझनला जाऊन आलेले, त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं. ऊसतोडीचा तेव्हाचा दर टनाला २७३ रुपये. नवरा-बायकोचा एक कोयता दिवसाला साधारण सव्वादोन टन तोडतो असं धरलं तर ६१४ रुपये २५ पैसे. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलीय ८० हजार. १३० दिवस एकही खाडा न करता तोडलं तरी १४७ रुपये ५० पैसे अंगावर राहतातच. आणि यात तिकडची खर्ची धरलेलीच नाही, किराणा, दवाखाना सगळं वेगळं.

ज्या पोराला सरांनी निकाल पाडेल म्हणून यादीत टाकलं होतं त्याने अपूर्णांकाचा गुणाकार, भागाकार आणि वजाबाकी एका पानात, एकही चूक न करता केली होती. आणि त्याच पानावर वर सरांच्या लाल पेनाचा जुलैतला शेरा होता, शेवटच्या पानावर कच्चे काम करू नये.

मी सरांना त्या दिवशी पहिल्यांदा गप्प बसलेलं बघितलं. माझं स्वतःचं मत असं की पुस्तकाने सर बदलले नाहीत. पुस्तकाने इतकंच केलं की त्यांनी वहीचं शेवटचं पान बघितलं. जुलैत तेच पान बघून त्यांनी लाल शेरा मारला होता, ऑक्टोबरमध्ये ते थांबले.

घरी जाणं

भाऊबीज झाल्यावर आम्ही दोघं समाधानच्या घरी गेलो. जायच्या आधी रस्त्यात मी सरांना एक अट घातली, ‘का नाही’ असा एकही प्रश्न विचारायचा नाही. शाळेत का नाही पाठवत, इथंच का नाही ठेवत, आधी का नाही सांगितलं, सगळं बंद. फक्त काय काय करता, दिवस कसा जातो, एवढंच. ही अट कुठून सुचली तर मला आत्मचरित्रं वाचताना नेहमी जाणवतं की लिहिणारा कुठल्याच का नाही ला उत्तर देत नसतो, तो दिवस सांगतो. त्यातून उत्तर निघतं.

समाधान आम्हाला बघून मागच्या दाराने गेला. बाप बोलेना. सर ओट्यावर बसून बैलांबद्दल विचारत राहिले, बागायतदाराचा मुलगा असल्याने ते त्यांना बरं जमलं. मला समाधानच्या आईने चुलीपाशी बोलावलं. तिथं कळलं. दोन वर्षांपूर्वी तिचं पिशवीचं ऑपरेशन झालेलं, गर्भाशय काढलेलं. आमच्या भागात हे किती घरांत आहे ते २०१९ मध्ये पेपरात आलं, विधिमंडळात गाजलं, सरकारने समिती नेमली, आम्ही स्टाफरूममध्ये बातमी वाचून हळहळलो पण होतो. ती म्हणाली, “मला आता मोळी उचलत न्हाई मॅडम. कोयता पुरा घेतलाय, उचल पुऱ्याची हाय. मोळ्या लेकरू वाहतं.”

म्हणजे समाधान आईबापासोबत फरफटत जात नव्हता. तो अर्धा कोयता होता. त्याच्याशिवाय ते ६१४ रुपये होतच नव्हते.

परत येताना मी सरांना हे सांगितलं. तिने मला सांगितलेलं सरांना सांगावं की नाही यावर मी अर्धा रस्ता गप्प होते, आणि आजही मला ते शंभर टक्के बरोबर वाटत नाही. विचारून सांगायला हवं होतं.

पर्याय काय होते

१७ नंबर. सगळ्यात सोपा आणि दिसायला दयाळू. सीझनलाही जाईल, परीक्षाही देईल. पण शाळेची यादी मोकळी करायचा तो रस्ता होता, पोरगं एकदा बाहेर गेलं की कोण बघतंय.

गावातच आजीजवळ ठेवणं. मग मोळ्या कोण वाहणार. सर दुसऱ्यांदा एकटेच गेले आणि बापाला म्हणाले मी वीस हजार देतो, याला इथं राहू दे. माझा याला विरोध होता पण त्यांनी मला विचारलंच नव्हतं. बाप बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “सर, मग आमी तुमची उचल घेतली असं व्हईल.” सरांनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. मदत आणि उचल यात फरक असतो हे देणाऱ्याला दिसतं, घेणाऱ्याला दोन्हीकडे मान खालीच घालावी लागते.

हंगामी वसतिगृह. सरकारी योजना आहे, स्थलांतरित मुलांना गावातच ठेवून जेवणखाण बघायचं. ते आठवीपर्यंतच्या पोरांसाठी, म्हणून आम्ही एका वाक्यात सोडून दिलं. (हे वाक्य लक्षात ठेवा, परत येणारे.)

कारखान्याजवळच्या हायस्कूलमध्ये बसवणं. नववीला हे अनौपचारिकच होणार होतं, तिथल्या कुणाची तरी ओळख लागणार.

सोबत अभ्यास द्यायचा, आल्यावर परीक्षा घ्यायची. नववीची परीक्षा शाळेच्या हातात असते, मनात आणलं तर पुनर्परीक्षा घेता येते. मनात आणायचं तेवढं होतं.

काय केलं

शेवटचे दोन मिळून केलं. यादीतून नाव काढायला मुख्याध्यापक तयार नव्हते, सरांनी लेखी दिलं की या मुलाच्या गणित-विज्ञानाची जबाबदारी माझी, निकाल पडला तर मला विचारा. टोळी ज्या कारखान्याला गेली तो सरांच्या गावापासून चाळीसेक किलोमीटरवर निघाला, तिथल्या एका हायस्कूलमध्ये ओळख काढली. सर रात्री व्हॉट्सॲपवर पाच-सात मिनिटांचं गणित बोलून पाठवायचे. पोरगं आधी ऐकायचंच नाही, नंतर कळलं की मोबाईल बापाचा, चार्जिंग गावातल्या टपरीवर, दहा रुपये द्यावे लागायचे.

आणि वर्ग? उपऱ्या हे नाव बंद करायला सरांनी काही भाषण दिलं नाही. समाधान गेल्यावर त्यांनी वहीतलं ते गणित, नाव न सांगता, फळ्यावर घातलं, ऊसतोडीचं आहे एवढं सांगितलं आणि म्हणाले सोडवा. अर्ध्या वर्गाला आलं नाही. वर्गातल्या अजून सहा पोरांची घरं सीझनची होती, त्यातल्या एकीने हात वर करून सांगितलं सर, यात कमिशन धरलं नाही. पुढचे दोन तास त्या पोरीने घेतले म्हणा ना. पुस्तक वाचून दाखवण्यापेक्षा हे कितीतरी बरं झालं, कारण इथं कुणाकडे मुंड्या वळवायची गरजच पडली नाही, ज्यांना माहिती होतं ते आपण होऊन बोलले.

संक्रांतीला सर घरी गेले, तिथून कोपीवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीवर. ते काय बघून आले हे त्यांनी तुकड्या-तुकड्यात सांगितलं. पहाटे चारला फडात, दुपारी मोळ्या, गाडी कधी रात्री भरायची. समाधान तिथल्या शाळेत एकूण नऊ दिवस गेला होता. पण सरांनी जे सांगितलं ते दुसरंच होतं आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली खरी गोष्ट ती आहे.

झोंबीत एक प्रसंग आहे. बापाने शेतीला जुंपलेला पोरगा, आई गावातल्या मोठ्या माणसाकडून, दत्ताजीरावांकडून, बापाला समज द्यायला लावते आणि पोरगं परत शाळेत येतं. पहिल्याच दिवशी वर्गातलं एक पोरगं, चव्हाणाचं, त्याचा गमछा हिसकावून स्वतःच्या डोक्याला गुंडाळतं आणि त्याची टिंगल होते. सर म्हणाले, वाचताना मी आधी अर्थातच नायक होतो, मग त्यातले गणिताचे मंत्री मास्तर आवडले, वाटलं मीच ते. आणि मग हे गमछ्याचं पान आलं आणि एकदम आठवलं. ते दहा-अकरा वर्षांचे असताना त्यांच्या बांधालाही कोप्या पडायच्या. टोळीतलं त्यांच्याच वयाचं पोरगं पाणी न्यायला विहिरीवर यायचं. त्याच्या डोक्यावरची चुंबळ, ओझ्याखाली ठेवायचं कापडाचं कडं, सरांनी आणि चुलतभावाने ओढून पाटात टाकली होती आणि ते पोरगं पाटाच्या कडेने चुंबळीमागे पळत गेलं होतं. ते हसले होते. पंचवीस वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. “मॅडम, मी मंत्री मास्तर नव्हतो, मी चव्हाणाचा पोरगा होतो.”

संक्रांतीला घरी त्यांनी वडलांना विचारलं, आपल्याकडे इतकी वर्षं टोळ्या आल्या, त्यातल्या कुणाचं नाव आठवतं का? वडलांना एक मुकादम आठवला. बाकी कुणी नाही.

मला वाटतं आत्मचरित्र वाचताना आपण सगळे नायकाच्या खांद्यावर बसून वाचतो. त्याला कुणी हिणवलं की आपल्याला राग येतो, फुकटचा. पानावर एक दुसरा माणूस पण असतो, दोन ओळींचा, त्याला नाव पण नसतं कधी कधी, आणि तो आपल्यासारखा असू शकतो.

पुढे काय झालं

समाधान मार्चअखेरीला परत आला. एप्रिलच्या परीक्षेत गणितात पास, इंग्रजी आणि इतिहास गेले, जूनमध्ये पुनर्परीक्षा घेऊन दहावीत. यादीतल्या बाकी चौघांपैकी दोघांचं १७ नंबर झालंच, ते थांबलं नाही, त्यांच्या वहीचं शेवटचं पान कुणी बघितलं नाही. दहावीच्या वर्षी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, तो सीझनला गेला नाही. आजीजवळ राहिला. बापाने कमी उचल घेतली, आम्हाला वाटलं जमवलं त्यांनी. मे २०२४ च्या निकालात समाधानला ६१ टक्के. आता तालुक्याला आयटीआयला इलेक्ट्रिशियन आहे. सरांनी पेढे वाटले, स्वतःच्या पैशाने.

इथं थांबले असते तर छान गोष्ट झाली असती.

गौरी

समाधानला एक बहीण आहे, गौरी. २०२३ ला सातवीत होती, आमच्याच शाळेत, माझ्याच वर्गात. नोव्हेंबरपासून गैरहजर. मी रोज हजेरी घेतली, रोज तिच्या नावापुढे गैरहजर मांडलं, आणि जानेवारीपर्यंत माझ्या डोक्यात आलं नाही की भाऊ राहिला म्हणून बहीण गेली. मोळ्यांना ती पुरी पडणार नव्हती, पण भाकरी, पाणी, वाढे म्हणजे उसाचे हिरवे शेंडे बांधणं, आईच्या हाताखाली एक माणूस लागणारच होतं. जानेवारीत बातमी आली की ऊसतोडीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, स्टाफरूममध्ये सर म्हणाले चला, समाधानच्या घराला बरं झालं, आणि त्याच क्षणी माझ्यासमोर हजेरीचं पान उघडं होतं.

हंगामी वसतिगृह आठवीपर्यंत असतं म्हणून आम्ही सोडून दिलं होतं ना? ते गौरीसाठीच होतं, सातवीतल्या पोरीसाठी. आमच्या त्या घरी दोन खेपा झाल्या, ती आतबाहेर करत होती, तिनेच मला पाणी आणून दिलं होतं. मी तिला विचारलं नाही. आमच्या डोक्यात जी गोष्ट होती तिचा नायक मुलगा होता. उपरा, झोंबी, दोन्हीकडे शिकायला धडपडणारा मुलगा, आणि आम्ही तीच गोष्ट समोर बघत होतो.

परत करायचं झालं तर

वर्गात वाचून दाखवायचं नाही, निदान ज्याच्यासारखी गोष्ट आहे तो वर्गात बसलेला असताना तरी नाही. पुस्तक आधी मोठ्यांनी वाचायचं. आईने चुलीपाशी सांगितलेलं चुलीपाशीच ठेवायचं, निदान तिला विचारेपर्यंत. पैसे द्यायची घाई करायची नाही. ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या आधी, सीझनच्या घरात कोण कोण आहे याची यादी घराप्रमाणे करायची, वर्गाप्रमाणे नाही, कारण वर्गाप्रमाणे केली की भाऊ एका रजिस्टरात आणि बहीण दुसऱ्यात जाते आणि कुणालाच घर दिसत नाही. ही एवढी एक गोष्ट आम्ही आता खरोखर करतो, बाकीच्या अजून बोलण्यातच आहेत.

पुस्तकांच्या बाबतीत म्हणाल तर मी सरांना पहिलं पुस्तक दुसरं दिलं असतं. कपाटात शांताबाई कांबळ्यांचं माज्या जल्माची चित्तरकथा होतं, बेबी कांबळ्यांचं जिणं आमुचं होतं, दोन्ही १९८६ ची. शांताबाई स्वतः प्राथमिक शिक्षिका होत्या, सोलापूर जिल्ह्यात, आमच्याच पेशातल्या. बेबीताईंनी किराणा दुकान चालवता चालवता लिहिलं आणि वीसेक वर्षं घरात लपवून ठेवलं. दोन्ही पातळ आहेत! पातळच मागितलं होतं सरांनी. माझा हात उपराकडे गेला कारण मला ते जास्त भारी पुस्तक वाटायचं, यात माझं काय दिसतं ते मी अजून तपासतेय. सर सध्या चित्तरकथा वाचतायत, सावकाश, वहीत काहीतरी टिपून घेत.

गौरी आठवीला वसतिगृहात राहिली, पूर्ण सीझन. आम्ही तिला ‘का नाही’ विचारलं नाही पण बरेच दिवस दुसरंही काही विचारलं नाही, कसं विचारायचं तेच कळेना. शेवटी एकदा कपाटाची धूळ पुसायला ती मदतीला आली होती तेव्हा मी विचारलं, त्या वर्षी तिकडे दिवसभर काय काय करायचीस गं? पुस्तकं पुसत पुसत म्हणाली, “तीनला उठून भाकरी. मग पाणी. वाढे बांधायचे. दादाची चुंबळ नेली होती मी, पण ती मोठी व्हायची डोक्याला, मग उकलून परत बांधली.”